आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

जुन्या स्पोर्ट्स कारच्या नादाला लागलेल्या माणसाला एक सल्ला फुकटात मिळतो: ‘रेडिएटर बदलतोच आहेस ना? मग मोठाच घे की.’ सल्ला देणारा मनाने चांगला असतो आणि ऐकणाराही लगेच पटवून घेतो. मोठा रेडिएटर म्हणजे जास्त गारवा, यात चुकायला आहे काय?

बरंच आहे. साध्या रस्त्यावर चालणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स कारला जाडजूड, चकचकीत रेडिएटर बसवणं हा बहुतेक वेळा निव्वळ पैशांचा चुराडा असतो. पैसे गेले तर गेले, पण त्या खरेदीने मालकाला खोटा निर्धास्तपणा येतो. इंजिनं मरतात ती या निर्धास्तपणाने.

हवेत बोलायला नको म्हणून एक गाडी घेऊ. माझ्दा एमएक्स-५, पहिली पिढी. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती जगासमोर आली. दोन माणसांपुरती जागा, वर उघडणारं छत, झाकले जाणारे दिवे. २०१६मध्ये या मालिकेतली दहा लाखावी गाडी हिरोशिमात बनली. भारतात ती रीतसर विकायला आलीच नाही. पण शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्या आपल्या पोरापोरींना खिशाला झेपणारी जुनी स्पोर्ट्स कार शोधताना ही हमखास भेटते.

या गाडीचा रेडिएटर कधीतरी बदलावा लागतो, यात वाद नाही. त्याची जाळी ॲल्युमिनियमची, पण वरची आणि खालची टाकी नायलॉनच्या प्लास्टिकची. नवी असताना ती काळी असते. वर्षानुवर्षं उकडून तपकिरी होते, मग हिरवट-पिवळट, आणि एक दिवस तडकते. टाकीचा रंग उडालेला दिसला की वाट पाहू नये. भांडण बदलण्याबद्दल नाहीच. भांडण आहे ते ‘मोठाच घे’बद्दल.

इंजिन किती तापमानाला चालेल हे रेडिएटर ठरवत नाही. ते ठरवतो थर्मोस्टॅट. या गाडीत तो साधारण ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडायला लागतो आणि लागेल तेवढंच पाणी रेडिएटरकडे सोडतो. गच्चीवरची टाकी हजार लिटरची असो की दोन हजारची, नळ जेवढा सोडाल तेवढंच पाणी बादलीत पडतं. तसंच हे. मूळ रेडिएटर पुरेसा असेल, तर त्याच्या दुप्पट जाडीचा बसवूनही काटा जिथे होता तिथेच राहील. राहायलाच हवा.

मोठ्या रेडिएटरचा उपयोग एकाच वेळी होतो: थर्मोस्टॅट पूर्ण उघडलाय, पंखा, पंप, हवेची वाट सगळं ठणठणीत आहे, आणि तरीही उष्णता आवरत नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर सलग गाडी पिळणाऱ्यांवर किंवा टर्बो बसवून ताकद वाढवणाऱ्यांवर ही वेळ येते. त्यांनी जरूर मोठा घ्यावा. पण रविवारी सकाळी डोंगराकडे फेरी मारणाऱ्याने त्यांची यादी डोळे मिटून का गिरवावी?

‘पण माझी गाडी खरंच तापते!’ असं तुम्ही म्हणाल. मग कधी तापते ते आधी बघा. सिग्नलला तापते आणि वेग घेतला की शांत होते? पंखा बघा, त्याचा रिले बघा. उलट, हायवेवर तापते आणि गावात ठीक असते? मग गाडीखाली वाकून बघा. नाकाखालचं प्लास्टिकचं आवरण आधीच्या एखाद्या मालकाने काढून टाकलेलं असतं. ते नसलं की समोरून आलेली हवा जाळीतून जाण्याऐवजी खालून निसटते. पाणी हळूहळू कमी होतंय? झाकण, होज पाइप, पंप आणि शेवटी हेड गॅस्केट तपासा. झाकण तर सगळ्यात स्वस्त भाग, पण दर एक पीएसआय दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. दाब न धरणारं झाकण ठेवून महागडा रेडिएटर घेणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

या गाडीच्या पोटात तर एक असं दुखणं आहे, ज्याला कुठलाच रेडिएटर औषध नाही. तिचं इंजिन मुळात माझ्दाच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाड्यांच्या घराण्यातलं. तिथे पाणी एका टोकाने आत शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५मध्ये इंजिन उभं बसवलं आणि पाण्याची मुख्य वाट पुढच्याच टोकाला आणली. त्यामुळे मागच्या सिलिंडरांच्या वाट्याला कमी पाणी येतं. रोजच्या वापरात हे चालून जातं. ट्रॅकवर घाम काढणारे लोक पाण्याची वाटच बदलून ती पुन्हा मागून काढतात. म्हणजे ज्यांना खरोखर जास्त थंडावा हवा असतो, त्यांनाही नुसता मोठा रेडिएटर पुरत नाही.

जाड जाळीचे तोटेही आहेत. तिच्यातून हवा ढकलायला पंख्याला जास्त जोर लागतो, आणि मागच्या थरापर्यंत पोचणारी हवा आधीच तापलेली असते. पंखा नीट बसत नाही, मग कंसांना भोकं पाडा, पट्ट्या वाकवा. स्वस्तातल्या ‘फुल ॲल्युमिनियम’ मालात वेल्डिंग कच्चं निघालं तर तो प्लास्टिकच्याही आधी गळतो. चकाकी ही काही टिकाऊपणाची हमी नव्हे.

याच वृत्तीचा देशी अवतार आपल्या गॅरेजांत भेटतो: ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, वॉल्व काढून टाका.’ वॉल्व म्हणजे हाच थर्मोस्टॅट. तो काढला की इंजिन वेळेत गरम होत नाही, संगणकाला वाटतं गाडी अजून थंडच आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, आणि आतले भाग जास्त झिजतात. घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या फियाट पाहिलेल्या पिढीचं भय समजू शकतं. पण भयाने निदान होत नाही.

मग घ्यायचा कोणता? मूळ मापाचा, चांगल्या बनावटीचा, नवा. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर गिअर ऑइलच्या नळ्यांची जोडणी असलेला. उरलेल्या पैशांत नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट, वरचा-खालचा होज, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं कूलंट. भरताना गाडीचं नाक उंच ठेवून अडकलेली हवा काढा. तो निसटलेला खालचा प्लास्टिकचा पत्रा परत लावा. फोटो काढून मिरवण्यासारखं यात काहीच नाही, हे मला मान्य आहे.

पण या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा जोरात तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं, आणि पस्तिशीकडे झुकलेल्या गाडीचा तो खर्च पाहून अनेक मालक ती भंगारात काढतात. मोठा रेडिएटर बसवलेला माणूस ‘आता काय होतंय’ म्हणत काट्याकडे बघणं सोडतो. पंखा मात्र बंदच असतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘मोठाच घे’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: माझ्या गाडीचा नेमका कुठला आजार याने बरा होणार आहे? उत्तर येईपर्यंत पाकीट खिशातच राहू द्या.