गिटारीवरचा अभंग

गणेशोत्सवाचे कार्यक्रम ठरविण्याची वेळ आली, की इंदूरच्या मराठी मंडळांतून अलीकडे एक वाद हटकून निघतो. घरातील तरुण मुले म्हणतात, एक संध्याकाळ आमच्या बँडला द्या, आम्ही अभंग गाऊ. वडील मंडळी विचारतात, अभंग, आणि तोही गिटार-ड्रमवर? मग 'पावित्र्य' आणि 'परंपरा' हे दोन शब्द पुढे येतात, मुले उठून जातात, आणि ती संध्याकाळ नेहमीप्रमाणे चित्रपटगीतांच्या एखाद्या वाद्यवृंदाला मिळते. अभंग शेवटी कोणीच गात नाही. या वादाचा निकाल लावण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी थोडे मागे वळून पाहावे, असे आम्हांस वाटते.

वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्या 'पंक' या नावाने. आपली मुले वाजवितात ते सगळेच पंक नसते. परंतु विजेची गिटार, मोठा आवाज आणि फाटके कपडे दिसले, की सरसकट तोच शिक्का मारला जातो. तेव्हा हा प्रकार मुळात काय आहे ते पाहू. १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आणि १९७६-७७ मध्ये लंडनमध्ये तो उभा राहिला. त्या वेळी पाश्चात्त्य रॉक संगीत धनाढ्य झाले होते. एकेक गाणे लांबत चालले होते, वाद्यांचा सरंजाम वाढत होता, आणि सामान्य मुलाच्या वाट्याला ते दुरून ऐकण्यापलीकडे काही उरले नव्हते. पंकने हा डोलारा नाकारला. 'रमोन्स' या न्यूयॉर्कच्या मंडळींच्या १९७६ च्या पहिल्या तबकडीत १४ गाणी आहेत, आणि ती सारी अर्ध्या तासाच्या आत संपतात. तीन स्वरमेळ शिका आणि गायला उभे राहा, कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका, हा त्या मंडळींचा बाणा. त्यात शिवीगाळ होती, उर्मटपणा होता, पुष्कळसा निव्वळ गोंगाटही होता. पण मूळ म्हणणे एवढेच, की गाण्याचा अधिकार कोणी कोणाला बहाल करावा लागत नाही.

हे म्हणणे मराठी माणसाने प्रथमच ऐकले काय? तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत गेल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती अधिकाराच्याच प्रश्नाची कथा आहे. चोखोबा देवळाबाहेर उभे राहिले, पण त्यांचा अभंग आत गेला. एकनाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे घेतली आणि शिष्टांनी नाके मुरडावीत अशी रस्त्यावरची भाषा परमार्थाला जुंपली. विसाव्या शतकात तुकडोजी महाराजांनी हातातल्या एका खंजिरीवर विदर्भातील गावेच्या गावे जागी केली आणि १९४२ मध्ये तुरुंगवासही भोगला. आपल्या दरबारांनी गवयांना पोसले, त्यांचे गाणे मोठे केले, हे खरे आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. परंतु पद आणि अभंग दरबारात वाढले नाहीत. ते वाढले वाळवंटात, ओसरीवर, विणकराच्या मागाशी. बंडखोरी आमच्या भक्तीला बाहेरून चिकटलेली नाही. ती तिच्या रक्तातच आहे.

मात्र भक्ती नकारापाशी थांबली नाही, आणि हा भेद फार मोठा आहे. नुसता नकार माणसाला किती दिवस पुरतो, याचा अनुभव खुद्द पंकवाल्यांनाच आला. १९६५ मध्ये भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद वयाच्या ६९ व्या वर्षी 'जलदूत' या मालवाहू जहाजाने अमेरिकेस गेले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यूवरील एका लहानशा दुकानाच्या जागेत त्यांनी आपल्या संघाची स्थापना केली आणि जवळच्या उद्यानात झाडाखाली कीर्तन आरंभिले. १९७३ च्या अखेरीस त्या दुकानापासून पायी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर 'सीबीजीबी' नावाचे एक पानगृह उघडले. तेच पंकचे जन्मस्थान ठरले. एका वस्तीत टाळ-मृदंगही आणि किंकाळणारी गिटारही! पुढे या दोहोंची गाठ पडली नसती तरच नवल. 'क्रो-मॅग्स' या मंडळींच्या १९८६ च्या तबकडीचे नाव 'कलहाचे युग', म्हणजे आपले कलियुगच. लंडनच्या 'एक्स-रे स्पेक्स'ची गायिका पॉली स्टायरीन हिने १९७७ मध्ये इंग्लंडच्या बाजारू समाजाला जाहीर टोमणे मारले आणि पुढे तीच कृष्णभक्तांच्या आश्रमात राहिली. रे कॅपो या गायकाने 'शेल्टर' ही मंडळी उभारली; तिच्या १९९५ च्या तबकडीचे नावच 'मंत्र'. ही माणसे भक्तीकडे का वळली, याचे कारण समजण्याजोगे आहे. अमेरिकेतील पंकच्या एका शाखेने १९८१ पासून दारू व अमली पदार्थ वर्ज्य करण्याचे व्रतच घेतले होते. नियम पाळण्याची सवय त्यांना आधीच लागली होती. तो नियम कोणासाठी पाळायचा, याचे उत्तर त्यांना कीर्तनात सापडले.

हा झाला परक्यांचा प्रवास. भारतीय वंशाच्या वादकांचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. त्यांना भक्ती घरातच मिळाली होती आणि आवाज बाहेर शोधावा लागला. इंग्लंडमधील पंजाबी कुटुंबातल्या तेजिंदर सिंग यांनी १९९१ मध्ये सहकाऱ्यांसह 'कॉर्नरशॉप' ही मंडळी स्थापन केली. हिंदी माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, ही इंग्रजांची टवाळी त्यांनी आपल्या नावाच्याच पाटीवर लिहून टाकली. त्यांची आरंभीची गाणी खरखरीत, मुद्दाम बेशिस्त, सरळसरळ पंक वळणाची होती. परंतु १९९५ च्या त्यांच्या तबकडीत एक पंजाबी गीत आले. ते एकाच स्वराभोवती घुमत राहते आणि पहाटेच्या नामस्मरणाची आठवण करून देते. १९९७ मध्ये तर त्यांनी आशा भोसले यांच्या गौरवाचे गाणे रचले. दुसऱ्या एका वादकाने नव्याने सजविलेले ते गाणे फेब्रुवारी १९९८ मध्ये इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. सांगली संस्थानात जन्मलेल्या, दीनानाथांच्या कन्येचे नाव अशा रीतीने विलायतेतील पोरांच्या तोंडी झाले, आणि ते नेणारा मुलगा मुळात पंकवाला होता, हे आपल्या घरांतून किती जणांस ठाऊक आहे?

पंजाब आणि पंढरपूर यांचे नाते तर यापेक्षा पुष्कळ जुने. नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि ज्या घुमान गावाशी त्यांचे नाव जोडलेले आहे, तेथे एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. संतवाणीने प्रांत, भाषा, वाद्य यांपैकी एकाही वेशीपाशी थांबून जकात भरलेली नाही. आपण, शिप्रा-नर्मदेच्या मुलखात येऊन राहिलेल्या मराठी माणसांनी, हे इतरांपेक्षा लवकर ओळखावे.

आणि ओळखण्याजोगे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. उज्जैन जिल्ह्यातील लुनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपानिया हे पेशाने शिक्षक. हाती तंबुरा व करताल घेऊन त्यांनी मालव्यातील कबीराची पदे देशभर आणि देशाबाहेरही नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत नीरज आर्य यांनी 'कबीर कॅफे' नावाची मंडळी काढली. गिटार, मेंडोलिन, व्हायोलिन आणि तालवाद्ये घेऊन ते कबीर गातात, आणि या गाण्याची ओढ आपल्याला टिपानियाजींकडून लागली, असे ते मोकळेपणाने मानतात. 'अभंग रिपोस्ट' ही मुंबईकडील आणखी एक तरुण मंडळी आपल्या संतांचे अभंग रेगे, ब्लूज आणि रॉकच्या चालींत बांधते. दोघेही स्वतःस पंक म्हणवीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु गवयाच्या घराण्याचा दाखला न मागता उभे राहण्याची जी हिंमत त्यांच्यापाशी आहे, तिला पंकने मोकळ्या केलेल्या वाटेचा थोडा आणि संतांनी घालून दिलेल्या वाटेचा पुष्कळ आधार आहे.

पावित्र्याचा आक्षेप नवा नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारपणामुळे देवासला येऊन राहिले. गाणे बंद असताना त्यांच्या कानांवर पडले ते मालवी लोकगीतांचे आणि नाथपंथी भजनांचे सूर. भिक्षेकऱ्यांचे आणि फकिरांचे ते गाणे त्यांनी मैफलीत मांडले, तेव्हा शास्त्राचा भंग झाला म्हणणारे जाणकार निघालेच होते. आज त्याच निर्गुणी भजनांना आपण अभिजात म्हणतो. वाद्याचे म्हणाल, तर ज्या पेटीवाचून आपले भजन सुरू होत नाही, ती पेटी फ्रान्समध्ये जन्मलेल्या वाद्याचे अपत्य आहे. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला संगतीस मज्जाव केला होता. भजनी मंडळांनी त्या बंदीकडे ढुंकूनही पाहिले नाही. उद्या गिटारीचे असेच होणार नाही, हे छातीठोकपणे कोण सांगेल?

तथापि तरुण मित्रांनाही चार शब्द ऐकवणे आमचे कर्तव्य आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा. चार ठोक्यांच्या रॉकमध्ये तो सहज बसतो. या सोयीमुळेच अभंग ड्रमवर इतका लवकर चढतो, आणि याच सोयीमुळे घात होतो. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते आणि चौथ्यापाशी विचार टेकतो. तो लहान चरण म्हणजे पायरी आहे. तेथे क्षणभर थांबायचे असते. गिटारीच्या हौसेपायी ती पायरीच गिळून टाकली, तर चाल राहते आणि अभंग जातो. दुसरी गोष्ट, संतांचा नकार कानाला गोड लागतो म्हणून तेवढाच उचलायचा आणि त्यामागची शरणागती सोडून द्यायची, हे अर्धे माप आहे. तुकोबा जगाला जितके फटकारतात, त्याहून अधिक स्वतःला फटकारतात. ती ओळ ज्याला गाता येत नाही, त्याने पहिलीही गाऊ नये. टाळकऱ्यांच्या रांगेत प्रत्येकाचे पाऊल शेजाऱ्याच्या पावलाशी जुळलेले असते. व्यासपीठावर उडी मारणे सोपे आहे. रांगेत पाऊल जुळविणे कठीण.

परंतु हे शिकवणार कोण? येथे बोट आम्हां वडीलधाऱ्यांकडेच वळते. रामबाग-नारायणबागेतल्या जुन्या घरांत आज किती नातवंडांना गाथा वाचता येते? चार पिढ्यांपूर्वी मराठी ही आपली दरबाराची आणि देवघराची भाषा होती. दरबार गेला, आणि आता ती देवघरातूनही आरतीपुरती उरली आहे. आरतीचे शब्दही पुष्कळ मुले अर्थ न कळता म्हणतात. अशा वेळी एखादा मुलगा आपण होऊन अभंग घेऊन येतो, गिटारीवर का होईना, त्याचे शब्द पाठ करतो, आणि आपण त्याच्या हातातल्या वाद्याकडे बोट दाखवून त्याला परत पाठवतो! भाषा जपण्याच्या नावाखाली भाषेच्या दाराला आतून कडी घालण्यासारखेच हे आहे.

यावर उपाय आहे, आणि तोही मालव्यातच एकदा करून पाहिलेला आहे. देवास येथे 'एकलव्य' या संस्थेने १९९१ पासून काही वर्षे कबीर भजन व विचार मंच चालविला. गावोगावच्या भजन मंडळ्या जमत, पदे गात, आणि गाऊन झाल्यावर त्या पदांच्या अर्थावर मोकळी चर्चा होई. गाणारे बहुतेक कष्टकरी, पुष्कळसे दलित वस्त्यांतील. परंतु वाद असा रंगे, की शिकलेल्यांनी ऐकत बसावे. आमची सूचना तीच आहे. येत्या गणेशोत्सवात प्रत्येक मंडळाने एक संध्याकाळ तरुणांच्या बँडला द्यावी. अट एकच घालावी: जे पद गाल, त्याचा अर्थ श्रोत्यांसमोर स्वतःच्या मराठीत सांगाल, आणि कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्याल. त्या मराठीत मालवी-हिंदीचे शब्द मिसळले तरी चालतील. तयारीच्या महिन्यात मंडळातील एखाद्या जाणत्या भजनीबुवांनी या मुलांबरोबर बसावे, चरण कोठे टेकतो ते दाखवावे, आणि त्यांच्याकडूनही एखादी चाल शिकण्याची तयारी ठेवावी.

गोंगाट असेल तर तो एका वर्षात आपोआप विरेल; त्याला अडविण्यासाठी ठराव करावे लागत नाहीत. पण त्या गोंगाटात एखादा खरा आर्त स्वर असेल, तर तो आपल्या मांडवात उमटावा की शहरातल्या एखाद्या कॉफीच्या दुकानात, हे ठरविणे मात्र आपल्या हाती आहे. मंडळांच्या चालकांनी पुढच्या बैठकीत या प्रश्नाचे उत्तर द्यावे.