डिग्रीआधी कारखाना

बिहारमधल्या जमालपूरला रेल्वेचा कारखाना १८६२ साली सुरू झाला आणि १९२७पासून तिथे एक आगळी भरती होऊ लागली. बारावीच्या वयाची निवडक मुलं यायची, चार वर्षं बॉयलर सूट घालून शॉपमध्ये राबायची, जोडीला वर्गात शिकायची, विद्यावेतन घ्यायची आणि बाहेर पडायची ती थेट रेल्वेच्या यांत्रिकी सेवेतले अधिकारी म्हणून. निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून व्हायची आणि या मुलांना म्हणायचे स्पेशल क्लास रेल्वे अप्रेंटिस. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत २०१८ साली ‘ट्रेन १८’, म्हणजेच आजची ‘वंदे भारत’, ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली ते सुधांशु मणी याच वाटेने आलेले. २०१५ नंतर ही भरती थांबली. थांबवायला नको होती.

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की घरोघरी तीच उतरंड सांगितली जाते. आधी सायन्स आणि सीईटी, ते जमलं नाही तर डिप्लोमा, तेही नाही तर आयटीआय. ‘मार्कांनी दगा दिला म्हणून फिटरला घातलंय’ हे पोराच्या तोंडावर पाहुण्यांना ऐकवलं जातं. शॉपमध्ये शिकलेलं पोरगं पार वरपर्यंत जातं, हे दाखवायला जमालपूर होतं.

शॉपमधून वर जायची वाट मात्र बंद झालेली नाही, आणि हे पालकांना कोणी नीट सांगत नाही. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केला की डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश मिळतो, डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या. मधे वर्षभराची अप्रेंटिसशिप धरली तर दहावीपासून डिग्रीपर्यंत आठ वर्षं लागतात. बारावी करून जाणाऱ्याला सहा. दोन वर्षं जास्त जातात, हे खरं. पण तेवढ्यात हाताशी ट्रेड असतो, कारखाना आतून पाहिलेला असतो आणि घरची अडचण आली तर कुठल्याही पायरीवर थांबून नोकरी धरता येते. चार वर्षांची फी भरून, सीनियरची जर्नल्स उतरवून बाहेर पडलेल्या मुलाकडे यातलं काय असतं?

फिटरचं पहिलं काम बघा. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानशीने एक बाजू सपाट करायची, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. नवख्याची बाजू हमखास मधे फुगते, कारण कानस पुढे सरकताना हात डुलतो. खांदे भरून येतात. पुढे मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर वाचायची वेळ येते तेव्हा हे पोरगं त्या आकड्याला बिचकत नाही. किती घासलं की किती जातं, हे त्याच्या मनगटाला कळलेलं असतं. उद्या तेच डिझाइनला बसलं, तर ड्रॉइंगवर टाकलेला टॉलरन्स मशीनवर निघेल की नाही, हे त्याला दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

हे सगळं खरं ठरतं ते शिकवलं गेलं तरच. खरी चिंता इथेच आहे. अप्रेंटिस कायदा १९६१चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. पण कायद्याच्या नजरेत अप्रेंटिस हा कामगार नाही, आणि शिक्षण संपल्यावर त्याला कायम करायचं की नाही हे कंपनीच ठरवते. २०१९च्या नियमांनी किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये झालं. चाकणला खोली आणि मेस भागवताना त्यातलं काय उरणार! अशा वेळी एखाद्या कंपनीला स्वस्त हात मिळाल्याचा मोह होतो. पोरगं वर्षभर असेंब्ली लाइनवर एकच बोल्ट आवळतं आणि वर्ष संपलं की त्या जागी दुसरं पोरगं येतं. ही शिक्षणाच्या नावाखालची लूट आहे.

याच मातीत याच्या उलटही घडलेलं आहे. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभा करताना सुमंत मुळगावकरांनी ट्रकची घाई केली नाही. आधी टूल रूम आणि प्रशिक्षणाची सोय उभी राहिली. जर्मनीत शिकाऊ मुलगा आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस व्यावसायिक शाळेत असतो आणि त्याची अंतिम परीक्षा कंपनी नव्हे, तर उद्योग-व्यापार मंडळ घेतं. राज्य सरकारने मनात आणलं तर एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांमधून जमालपूरसारखी चार वर्षांची योजना काढता येईल, चुरशीची प्रवेश परीक्षा आणि शेवटी डिग्री यांच्यासह.

ते होईल तेव्हा होईल. यंदा ज्यांच्या घरात अप्रेंटिसशिपचा करार येईल, त्यांनी विद्यावेतनाचा आकडा वाचून लगेच सही करू नये. करार सरकारदरबारी नोंदला जाणार का, वर्षभरात कोणकोणत्या विभागांत फिरवणार, शिकवणारा माणूस नेमलेला आहे का, वर्गाला आठवड्यात किती तास, हे विचारावं. मग शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर थांबून आधीच्या बॅचच्या पोरांना गाठावं आणि वर्षभरात कोणत्या मशीनवर हात बसला ते विचारावं. ती पोरं मशीनची नावं घेऊ लागली, तर घरच्यांनी पोराला बिनघोर पाठवावं, बारावीला चांगले मार्क असले तरीही.