तंजावरची चौपदरी सडक

वाचकहो, परगावी गेल्यावर तेथील देवळाची, बाजाराची आणि खाणावळीची चौकशी आपण आवर्जून करतो. रस्त्याची चौकशी करण्याचे मात्र अलीकडे कोणाच्या ध्यानात राहत नाही. खिशातला फोन वाट दाखवतो, त्या वाटेने आपण निघतो. अंतर किती आणि वेळ किती हे तो बिनचूक सांगतो. वाटेत काय पडले आहे, कोण आडवे येते, हे त्याला बहुधा ठाऊक नसते. ही माहिती अजूनही माणसांजवळच आहे, आणि ती बहुतेक पहाटे चहाच्या टपरीवर मिळते.

पोंगलचा सण होऊन गेल्यावर मला तंजावरला दोन दिवस राहण्याचा योग आला. तिसऱ्या दिवशी चेन्नईला जायचे होते. पहाटे साडेचारच्या सुमारास बसस्थानकाजवळच्या टपरीवर भाड्याच्या मोटारीचा चालक मला घेऊन गेला. तेथे तांदळाच्या पोत्यांनी भरलेल्या मालमोटारीचा एक प्रौढ चालक आणि बसवरून नुकताच उतरलेला एक चालक उभे होते. तिघेही एकमेकांना ‘अण्णे’ म्हणत होते. वाद एकच होता : चेन्नईला तिरुचिरापल्लीवरून जावे की कुंभकोणमवरून? माझा चालक हिंदी जाणणारा होता, म्हणून मधूनमधून तो मला अर्थ सांगत होता.

हा वाद काही वर्षांपूर्वी झाला नसता. तंजावरहून चेन्नईला सरळ जाणारी वाट कुंभकोणम, सेतियातोप, पनरुटी अशी विक्रवांडीला निघते आणि तेथे चेन्नईच्या मोठ्या हमरस्त्याला मिळते. नकाशावर ही वाट जवळची. पण ती कावेरीच्या खोऱ्यातल्या गावागावांतून, देवळांच्या रथवीथींना खेटून आणि बाजारांतून जाई. कोळ्ळिडम नदी ओलांडताना अणैकरै येथे इंग्रजांनी १८३६ साली बांधलेल्या बंधाऱ्यावरचा अरुंद पूल लागे, आणि तेथे वाहने ताटकळत. त्यामुळे घाई असलेला माणूस पन्नास-साठ किलोमीटरांचा फेरा पत्करून तिरुचिरापल्लीला जाई. तेथून चेन्नईपर्यंतचा चौपदरी रस्ता सर्वांच्या सरावाचा होता.

आता विक्रवांडी ते तंजावर हा सुमारे १६५ किलोमीटरांचा मार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६, तीन तुकड्यांत चौपदरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. तंजावरकडचा तुकडा आधी वापरात आला. मधला, सेतियातोप ते चोळपुरम हा सुमारे ५० किलोमीटरांचा तुकडा २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. त्यावर २,३५० कोटी रुपयांहून अधिक खर्च आला असून कोळ्ळिडमवरचा एक किलोमीटर लांबीचा पूल, तीन वळणरस्ते आणि सात उड्डाणपूल त्यात आहेत. या तुकड्याने प्रवासातली पाऊण तास वाचतील असे तेव्हा सांगण्यात आले. उत्तरेकडचा, विक्रवांडीचा तुकडा मात्र त्या वेळी अपुराच होता. टपरीवरच्या वादाचे मूळ नेमके येथे होते.

(एक भाषांतरकाराची खोड सांगून टाकतो. तमिळमध्ये या रस्त्याला ‘चार वाटांची सडक’ अशा अर्थाचा शब्द आहे. मी मराठीतला ‘चौपदरी’ हा शब्द चालकाला समजावून सांगू लागलो, तेव्हा पदर म्हणजे लुगड्याचाही पदर हे ऐकून तो इतका हसला, की चहा सांडला.)

मालमोटारीच्या चालकाचा कौल तिरुचिरापल्लीला होता. त्याचे म्हणणे असे : तिकडे डिझेल जास्त जळते हे कबूल, पण कोणत्या वळणावर काय आहे हे ठाऊक असते. नव्या रस्त्यावर दीड तास एका लयीत गाडी चालते, हात सैलावतात, डोळ्यांना वेगाची सवय होते, आणि मग अचानक पिवळे फलक आणि मातीचे ढिगारे दिसू लागतात. चार पदरांचे दोन होतात, समोरून येणाऱ्याचे दिवे थेट डोळ्यांत शिरतात. गाडी साठावर आली आहे असे अंगाला वाटते, काटा मात्र ऐंशी दाखवीत असतो. ज्याने हा अनुभव घेतला असेल त्याला हे पटेल. बराच काळ वेगात राहिलेल्या माणसाला कमी केलेला वेग प्रत्यक्षाहून कमीच भासतो. म्हणून अशा सांध्यावर आपल्या अंदाजावर न विसंबता काट्याकडे पाहावे, असे त्याने बजावले.

माझ्या चालकाला हे पटले नाही. त्याच्या मते नवा रस्ताच बरा, फक्त सूर्य उगवल्यावर निघावे. कारण अंधारात भीती वाहनांची नसून माणसांची आहे. गाव रस्त्याच्या एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, अशी शेकडो घरे या खोऱ्यात आहेत. पूर्वी बैल सोडला की तो चार पावलांत शेतात पोहोचे. आता मध्ये दुभाजक आला. खालून जाण्याचा मार्ग आहे, पण तो कोठे एक किलोमीटरवर, तर कोठे त्याहून लांब. पहाटे विळा घेऊन निघालेली बाई तेवढा फेरा घालत नाही. ती दुभाजक चढून येते. मोटारसायकलवाला वळणाच्या जागेपर्यंत जाऊन परत येण्याऐवजी उलट्या बाजूने कडेकडेने येतो, आणि पुष्कळदा दिवा न लावता. ‘तो चुकतो’, असे आपण मोटारीतून सहज म्हणतो. त्याच्या चुकीला कारण आहे, आणि ते कारण रस्ता आखतानाच तयार झाले आहे, हेही म्हटले पाहिजे.

बसचालक आतापर्यंत गप्प होता. त्याने पेला खाली ठेवला आणि एकच शब्द उच्चारला : ‘नेल्’. नेल् म्हणजे भात, साळ.

वाचकहो, हा धोका आपल्याकडच्या महामार्गांवर फारसा आढळत नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो. तंजावर हे तमिळनाडूचे भाताचे कोठार. मेट्टूर धरणाचे दरवाजे जूनच्या १२ तारखेस उघडावेत असा रिवाज आहे. ते पाणी कालव्यांतून आले की ‘कुरुवै’ हे थोड्या मुदतीचे पीक लागते, आणि ते ऑक्टोबरच्या आसपास, ऐन ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर कापणीस येते. दुसरे मोठे पीक ‘सांबा’. त्याची सुगी जानेवारी-फेब्रुवारीत. कापलेले भात सरकारी खरेदी केंद्रावर न्यायचे, तर दाण्यातला ओलावा १७ टक्क्यांहून अधिक असून चालत नाही. अवेळी पावसाने गाठले की ही अट सैल करावी, अशी मागणी राज्याकडून केंद्राकडे जाते. पण तिचा निर्णय होईपर्यंत दाणा थांबत नाही. त्याला मोड फुटतात. शेतकऱ्याने भात वाळवावे कोठे? खळे भिजलेले, अंगण चिखलाचे. साऱ्या शिवारात कोरडी, सपाट, उन्हाने तापणारी जागा एकच, ती म्हणजे सडक. आणि नवी सडक तर जुनीच्या दुप्पट रुंद!

म्हणून सुगीच्या दिवसांत जोडरस्त्यांवर आणि कडेच्या पट्टीवर भाताच्या सोनेरी पट्ट्या पसरलेल्या दिसतात. बायका पायांनी दाणा उलथीत उन्हात फिरत असतात. दिवसा हे दृश्य मोठे देखणे वाटते. पण भातावरून चाके जाऊ नयेत म्हणून पट्टीच्या कडेला दगड मांडतात, क्वचित काटक्या रोवतात. संध्याकाळी भात गोळा होते, दगड तेथेच राहतात. रात्री मोटारसायकलवरून जाणाऱ्या नवराबायकोच्या वाट्याला ते दगड येतात. जेथे दगड नसतात तेथे विखुरलेला दाणा असतो. गुळगुळीत डांबरावर कोरडा दाणा चाकाखाली गोट्यांसारखा फिरतो आणि ब्रेक दाबला तरी चाक पकड घेत नाही.

‘पोलिसांनी हे बंद केले पाहिजे,’ असे मालमोटारीचा चालक म्हणाला. त्यावर बसचालकाने विचारले, ‘अण्णे, तुमच्या गाडीत काय आहे?’ गाडीत तांदूळ होता. कोणी हसले नाही. बसचालकाचे धाकटे भाऊ शेती करतात, आणि तेही भात सडकेवरच वाळवतात, असे पुढे बोलण्यातून कळले. रात्रीच्या फेरीला त्याच पट्ट्यावर आपण दिवे मोठे करतो, असेही त्याने सांगितले. हा प्रश्न पोलिसाच्या शिटीने सुटेल असे मला वाटत नाही. खरेदी केंद्राजवळ वाळवणाचे सिमेंटचे ओटे आणि यंत्रे पुरेशी झाली, तर सडक आपोआप मोकळी होईल. रस्त्यावर एवढे कोटी खर्च होतात; त्याच्या शेजारच्या ओट्यासाठी किती लागतील, याचा हिशेब कोणी तरी मांडायला हवा.

तंजावरच्या मराठी राजांना वाटसरूंच्या गरजांची चांगली जाण होती. रामेश्वरच्या वाटेवर त्यांनी छत्रे, म्हणजे धर्मशाळा-अन्नछत्रे बांधली. १७९९ साली राज्य कंपनीकडे गेल्यावरही दुसऱ्या सरफोजीराजांनी छत्रांचा कारभार आपल्याकडे राहावा म्हणून १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास पत्र लिहिले. सर्व जातींच्या वाटसरूंना तेथे अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, आणि मध्यरात्री घंटा वाजवून ‘कोणी उपाशी आहे काय’ असे विचारीत, हे त्या पत्रावरून कळते. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र त्यांनीच बांधले. काशीहून आलेला यात्रेकरू आणि रामेश्वराहून परतणारा यात्रेकरू अशा छत्राच्या ओसरीवर एकत्र जेवत असतील, तेव्हा कोणत्या नदीला पूर आहे, कोणत्या रानात चोर आहेत, याखेरीज दुसरे काय बोलत असतील? आजच्या टपरीवर तेच चालले होते.

महाराष्ट्रातून मोटारीने दक्षिणेकडे येणाऱ्या कुटुंबाने आणखी एक ठिकाण लक्षात ठेवावे. बंगळूरहून सेलमकडे येताना धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरचा घाट लागतो. उतार लांब आहे, आणि डिझेल वाचवण्यासाठी काही मालमोटारी तो गिअर काढून उतरतात. गिअरचा आधार नसला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर हात टेकतात. बोरघाटात पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर उतरणाऱ्यांनीही हीच खोड पाहिली आहे. अशा उतारावर अवजड गाडीच्या पुढे राहू नये. ती मागे आहे असे दिसले, तर जागा पाहून तिला पुढे जाऊ द्यावे.

आपल्या समृद्धी महामार्गाचा धोका निराळा आहे. ७०१ किलोमीटरांचा तो मार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तेथे आडवा बैल नाही, भात नाही, गावही नाही. आहे तो लांबच लांब एकसारखेपणा. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ रात्रीच्या बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. ज्यांना समृद्धीवर झोपेशी झगडावे लागते, त्यांना तंजावरचा रस्ता जागे ठेवील. आणि तंजावरच्या चालकाला समृद्धीवर पेंग येईल. दोघांनी एकमेकांचे अनुभव ऐकावेत असे मला वाटते.

टायरची गोष्ट तीनही चालकांनी एकमताने सांगितली. हवा कमी असली की टायरच्या बाजू अधिक वाकतात, त्या वाकण्याने उष्णता वाढते, आणि वेगात तो फुटतो. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. टायरच्या बाजूवर चार आकडे एकत्र कोरलेले असतात. पहिले दोन वर्षातला आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे ‘२३१९’ असे असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी रबर जुने होते. आणि वेगाचा हिशेब असा : ताशी १०० किलोमीटरने मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. दगड दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढे अंतर सरलेले असते, आणि मग थांबायला ५० च्या वेगापेक्षा चौपट अंतर लागते. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आल्यास १०३३ हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्यावा.

उजाडल्यावर आम्ही कुंभकोणमच्या वाटेनेच निघालो. दोन-अडीच तासांनी न्याहारीसाठी एका जोडरस्त्यावर उतरलो, तेव्हा कडेला काल रात्रीचे दगड रांगेने पडलेले होते; भात केव्हाच उचलून नेलेले. चालकाने गाडी पुढे घेऊन सुरक्षित जागी उभी केली, खाली उतरून तीन-चार दगड पायाने गटाराकडे ढकलले. बाकीचे पुष्कळ होते. इतक्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली आणि हात हलवून काही तरी ओरडू लागली. ती काय म्हणते, असे मी विचारले.

‘दगड लांब टाकू नकोस म्हणते,’ तो म्हणाला. ‘आज पुन्हा लागणार आहेत.’