ससाणा पाळू नका, सकाळ विका!



मागच्या महिन्यात रत्नागिरीच्या एका तरुणाचा फोन आला. हातात कॅमेरा, डोक्यात कल्पना. म्हणाला, "सर, इंग्लंडमध्ये ससाणे पाळणाऱ्यांचे क्लब आहेत. ते व्याख्यान ठेवतात, हातमोज्यावर पक्षी बसवतात आणि फोटो काढायचे पैसे घेतात. आपण मांडवीला असं सुरू केलं तर? एक जण शिकरा आणून द्यायला तयार आहे."

मी त्याला आधी एकच सांगितलं, त्या माणसाला आजच नाही म्हण.

शिकारी पक्षी पाळायची कला जुनी आहे. 2010 मध्ये युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. पण त्या यादीत नाव असलेल्या देशांमध्ये भारत नाही. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. जंगली शिकरा, ससाणा किंवा घार पकडायची नाही, विकत घ्यायची नाही, घरी ठेवायची नाही. शेड्यूल एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. आणि नीट वाचा, या कायद्याच्या 'शिकार' शब्दात पक्ष्याचं घरटं किंवा अंडी विस्कळीत करणंही येतं. म्हणजे घरट्याजवळ चढून क्लोजअप काढणारा फोटोग्राफरही अडकू शकतो. धंद्याचा पहिला नियम: ज्या मालावर तुमचा हक्क नाही, त्यावर दुकान उघडू नका.

मग कल्पना वाईट आहे का? अजिबात नाही. माल चुकलाय, गिऱ्हाईक बरोबर आहे.

तुमच्या दारात काय आहे ते बघा. मिरकरवाड्यात होड्या लागल्या की आकाशात घारी फिरायला लागतात. पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची ब्राह्मणी घार पाण्यावरून मासा उचलते. किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड आहे. पंखांचा पसारा जवळजवळ दोन मीटर, शेपूट पाचरीसारखं. मासे खातो, समुद्रसापही उचलतो. हिवाळ्यात ऑस्प्रे पाहुणा येतो. पुण्या-मुंबईचा माणूस लाखाची लेन्स घेऊन फिरतो, पण कुठे उभं राहायचं आणि किती वाजता, हे त्याला माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे. तोच तुमचा माल!

उदाहरण घ्या. मांडवीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी असतो, उजेड थेट पक्ष्यावर पडतो, डोळ्यातली चमक मिळते. संध्याकाळी तोच पक्षी काळी सावली होतो. पर्यटक मात्र संध्याकाळीच येतो, भेळ खातो, सूर्यास्त बघतो आणि म्हणतो फोटो नीट आले नाहीत. त्याला सकाळी साडेसहाला उठवून योग्य जागी उभं करणं, ही सेवा आहे. शटर 1/2000 च्या आसपास ठेवा, ब्राह्मणी घारीचं पांढरं डोकं जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं कमी करा, एवढं सांगता आलं तरी गिऱ्हाईक खूश.

आता आकडे. हे समजा म्हणून धरा, तुमचे तुम्ही काढा. चार पाहुणे, प्रत्येकी 1,500 रुपये, म्हणजे 6,000. गाडी 1,200, घावणे-चहाचा नाश्ता 600, मदतनीस 700, जाहिरात 500. खर्च 3,000, हातात 3,000. पावसाळा सोडून वर्षात अशा 24 सकाळी झाल्या तर 72,000. यावर घर चालणार नाही. नोकरी सोडायचा विचारही करू नका. पण होमस्टेला किंवा फोटो स्टुडिओला जोड म्हणून हा चांगला धंदा आहे. आदल्या रात्री होमस्टेच्या पडवीत अर्ध्या तासाचं स्लाइड व्याख्यान ठेवा. क्लबचं व्याख्यान ते हेच, फक्त पक्षी आकाशात!

एक मोह मात्र येणार. चार पाहुणे उभे आहेत, घार लांब आहे, कोणीतरी म्हणेल, "कोंबडीची आतडी टाका ना." मलेशियात लंकावीला हे वर्षानुवर्षं चालतं. होडीतून कोंबडीची कातडी टाकतात, गरुड-घारी झेपावतात. फोटो भारी येतात, पण पक्षी फुकटच्या, निकस खाण्याला सोकावतात म्हणून टीकाही होते. माझं मत स्पष्ट आहे: टाकू नका. एकदा टाकलंत की शेजारचा दुप्पट टाकेल, आणि मग तुमच्याकडे विकायला ज्ञान उरणार नाही, फक्त आतडी उरतील.

"सर, पक्षी दिसलाच नाही तर पैसे परत मागतील," असं तो तरुण म्हणाला. बुकिंग घेतानाच सांगा की हमी पक्ष्याची नाही, वेळेची, जागेची आणि माहितीची आहे. हे ऐकून जो येणार नाही, तो तुमचा गिऱ्हाईक नव्हताच.

हे जमतं का? आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. तिथे कासवाची अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली, कासव महोत्सव सुरू झाला. आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावातल्याच घरांत राहतात, जेवतात. कासव कोणाच्या मालकीचं नाही, पण ते जिवंत आहे म्हणून चूल पेटते.

त्या तरुणाने शिकरेवाल्याला नाही म्हटलं. आता रोज सकाळी मांडवीला जाऊन वहीत लिहितो: किती वाजता, कोणता पक्षी, कुठून कुठे गेला.

तुम्हीही तेच करा. लेन्स नंतर घ्या. आधी दहा रुपयांची वही घ्या आणि तीस सकाळी भरा. तिसाव्या दिवशी तुमच्याकडे जे असेल, ते रत्नागिरीत दुसऱ्या कोणाकडे नसेल.

चला, कामाला लागा!