संगणकाआधी कागदाचा माग

घोडबंदर रोडच्या परिसरातील कित्येक जुन्या कारखान्यांच्या जागी आज निवासी मनोरे उभे आहेत. टिकून राहिलेल्या उद्योगांना काटेकोर हिशेबावाचून गत्यंतर नाही. परंतु संगणक आणला की व्यवस्थापनाला अचूक माहिती आपोआप मिळेल, ही समजूत भाबडी आहे.

फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ साली अमेरिकी यंत्र-अभियंत्यांपुढे प्रवाह-तक्ता मांडला. क्रिया, तपासणी, वाहतूक, खोळंबा आणि साठवण या पाच खुणांनी कामाचा माग काढण्याची पद्धत त्यातूनच पुढे रूढ झाली. पवईत १९६३ साली स्थापन झालेल्या आणि २०२३ पासून 'आयआयएम मुंबई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'नीटी'त हेच शास्त्र शिकविले गेले. ते यंत्राइतकेच कागदालाही लागू पडते. जॉब कार्ड यंत्रापाशी किती वेळ पडून राहते? एकच आकडा किती वह्यांत उतरविला जातो? अहवाल वाचून निर्णय कोण घेतो? ही उत्तरे न शोधता संगणक बसविला, तर शिळी माहितीच अधिक वेगाने पडद्यावर येईल.

आणि चुकीचे खापर फुटेल ते कारकुनाच्या माथी. उत्पादनावर मोबदला मिळविणाऱ्या कामगाराचा घासही याच आकड्यांवर अवलंबून असतो. तेव्हा आधी कागदाची वाट सरळ करावी; संगणकाची खरेदी त्यानंतर.