सजा संपल्यावर काय?

गारखेड्यांतील आमच्या बैठकींत लैंगिक गुन्हेगारांचा विषय निघाला कीं 'फांशी द्या' हें उत्तर सुपारी कातरून होण्यापूर्वींच ठरतें. डिसेंबर २०२१ मध्यें विधिमंडळानेंहि 'शक्ति' विधेयक मंजूर करून तोच सूर धरला. राष्ट्रपतींची संमति त्यास लाभली नाहीं. परंतु ज्यास दहा वर्षांची सजा झाली, तो अकराव्या वर्षीं हर्सूलच्या कारागृहांतून सुटून आपल्याच गल्लींत राहावयास येणार! त्या दहा वर्षांत त्याच्या मनावर कोणीं काय उपाय केला? तुरुंगखात्यानें आपल्या नांवांत 'सुधारसेवा' हा शब्द घातला आहे. तो पाटीवरून आंत जावा, एवढेंच आमचें मागणें.

कोणी म्हणेल, अमेरिकेप्रमाणें सजा संपल्यावर उपचारासाठीं डांबून ठेवा. १९९७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें वैध ठरविलें खरें. पण मिनेसोटा प्रांतांत १९९४ पासून २०१५ पर्यंत एकहि इसम पूर्णपणें मुक्त झाला नव्हता. अशा दवाखान्यास आम्ही तुरुंगच म्हणूं. उपचार हवा तो सजेच्या पहिल्या वर्षापासून, आणि पारखलेला. इंग्लंडच्या तुरुंगांतील अशा एका उपक्रमाचा हिशेब २०१७ त निघाला, तेव्हां उपचार घेतलेल्यांपैकीं शेंकडा दहांनीं पुन्हां लैंगिक गुन्हा केला होता, न घेतलेल्यांपैकीं आठांनीं. त्याच वर्षीं तो उपक्रम बंद झाला. म्हणून उपचारच नको म्हणणें म्हणजे एक काढा बाधला म्हणून वैद्यकच बुडविणें होय.

हर्सूलला मानसतज्ज्ञ किती, हें विचारणारें एक साधें पत्रहि आमच्या बैठकींतून अद्याप गेलेलें नाहीं.