जागा झालेला ज्वालामुखी व पाहुण्याचा धर्म

सुटी म्हटली म्हणजे मामाचें गांव, फार तर महाबळेश्वर, अशी आपल्याकडे पूर्वींची समजूत होती. आतां कित्येक कुटुंबांचा प्रवास समुद्र ओलांडून होऊं लागला आहे, व त्यांत इंडोनेशियांतील बाली बेटाचें नांव वारंवार कानीं पडतें. प्रवास हें शिक्षणाचेंच एक अंग आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्या देशांत शंभराहून अधिक जागृत ज्वालामुखी आहेत, तेथें जाऊं इच्छिणाऱ्यास एक प्रश्न केव्हां ना केव्हां पडावयाचाच. तिकिटें काढून ठेविलीं, मुलांनीं दिवस मोजण्यास आरंभ केला, आणि त्या बेटाजवळचा एखादा पर्वत आग ओकूं लागला, तर जावें कीं न जावें? या प्रश्नाचें उत्तर भीतीनें देऊं नये आणि भरलेल्या पैशांच्या मोहानेंहि देऊं नये. जाणत्यांनीं आंखलेली रेषा कोठें आहे व तेथील लोकांची स्थिति कशी आहे, हीं दोन पाहून तें द्यावें, असें माझें मत आहे.

प्रथम ‘जवळ’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. २०१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत बालींतीलच अगुंग पर्वत जागा झाला. याच पर्वतानें १९६३ सालीं हजाराहून अधिक लोकांचे प्राण घेतले होते. म्हणून सरकारनें शिखराभोंवतींचा आठ ते दहा किलोमीटरांचा प्रदेश निषिद्ध ठरविला, व सुमारें एक लाख लोकांना तेथून निघून जाण्याची आज्ञा झाली. परंतु ज्या दक्षिण किनाऱ्यावर बहुतेक पाहुणे उतरतात, तो शिखरापासून सुमारें साठ किलोमीटर दूर आहे. एकाच बेटावर एकीकडे गुरेंढोरें मागें टाकून निघालेलीं कुटुंबें होतीं, व दुसरीकडे विमानतळ बंद झाल्यामुळें अडकून पडलेले हजारों पाहुणे होते. दोघांवरील प्रसंग एक नव्हता.

दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. बालीच्या पूर्वेस सुमारें आठशें किलोमीटरांवर, फ्लोरेस बेटावर लेवोतोबी नांवाचीं दोन जोडशिखरें आहेत. एकास तेथील लोक ‘लाकी-लाकी’ म्हणजे पुरुष, व दुसऱ्यास ‘पेरेंपुआन’ म्हणजे स्त्री, असें म्हणतात. ३ नोव्हेंबर २०२४ च्या मध्यरात्रीच्या सुमारास यांपैकीं पुरुष-शिखराचा स्फोट झाला. तापलेले दगड पायथ्याच्या गांवांवर पडले, घरें जळालीं, व नऊ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत एका मठांतील धर्मभगिनीहि होती. पुढें दहा दिवसांच्या आंत त्या पर्वताची राख आकाशांत इतकी पसरली कीं, बालीस जाणारीं अनेक देशांचीं विमानें रद्द झालीं. त्यांत आपल्या देशांतून जाणारींहि होतीं. १८ जून २०२५ रोजीं तर दिल्लीहून बालीकडे निघालेलें विमान याच पर्वतामुळें वाटेंतून परत फिरलें. पर्वताच्या पायथ्याशीं मृत्यु, आणि आठशें किलोमीटरांवर गैरसोय. या दोहोंतील भेद आपण विसरतां कामा नये.

‘थोड्याशा राखेनें विमान काय अडतें?’ असें कोणी विचारील. विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, ही चुलींतली राख नव्हे. हे खडकाचे व कांचेसारख्या पदार्थाचे बारीक कण असतात. विमानाच्या यंत्रांतील प्रखर उष्णतेनें ते वितळतात, आणि पुढें पात्यांवर घट्ट होऊन बसतात. २४ जून १९८२ रोजीं जावा बेटाजवळून रात्रीं जाणारें एक मोठें विमान गालुंगगुंग पर्वताच्या राखेंत शिरलें, व त्याचीं चारहि यंत्रें एकामागून एक बंद पडलीं. आंत २४८ प्रवासी व १५ कर्मचारी होते. विमान कित्येक हजार फूट खालीं आल्यावर यंत्रें पुन्हां चालूं झालीं, आणि कांचा खरवडून अंधुक झालेल्या अवस्थेंत तें जाकार्ता येथें उतरलें. एवढें जाणणारा मनुष्य विमान रद्द झालें म्हणून खिडकीपलीकडच्या कारकुनावर ओरडणार नाहीं. तें रद्द होणें हीच आपली राखण आहे.

आतां दोन चुका सांगतों. पहिली धिटाईची. आंखलेली रेषा ओलांडून धगधगता पर्वत जवळून पाहण्याची हौस पुष्कळांस असते. न्यूझीलंडच्या किनाऱ्यापासून सुमारें पन्नास किलोमीटरांवर व्हाकारी नांवाचें ज्वालामुखीचें बेट आहे. २०१९ च्या नोव्हेंबरांत शास्त्रज्ञांनीं तेथील धोक्याची पायरी वाढविली, तरी सहली चालूंच राहिल्या. ९ डिसेंबर रोजीं स्फोट झाला तेव्हां बेटावर ४७ माणसें होतीं. त्यांपैकीं २२ जण प्राणांस मुकले. कित्येक भाविक माणसें अशा वेळीं ‘देव राखील’ असें म्हणतात. देव राखतो हें खरें. परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याची सूचना प्रभु येशूनें नाकारली, हेंहि तितकेंच खरें आहे. सावधगिरीची सूचना ऐकण्यासाठींच देवानें आपणांस कान दिले आहेत.

दुसरी चूक भित्रेपणाची. ती निरुपद्रवी दिसते, पण नसते. अगुंगची वार्ता जगभर पसरतांच बालीच्या ज्या भागांस कांहीं धोका नव्हता, तेथील हॉटेलेंहि ओस पडलीं, आणि तींहि नाताळाच्या हंगामांत. मोटार हांकणारा, स्वयंपाकी, लांकडावर कोरीव काम करणारा, हमाल, या सर्वांचें पोट पाहुण्यांवर चालतें. जेथें जाण्यास जाणत्यांची मनाई नाहीं, विमानें चालूं आहेत, व यजमान बोलावीत आहेत, तेथें केवळ एक भयंकर चित्र पाहून न जाणें हें शहाणपण नव्हे.

परंतु यजमान बोलावीत आहेत कीं नाहीं, हें प्रामाणिकपणें पाहिलें पाहिजे. ज्या गांवांतील खोल्या, मोटारी व वैद्य निराश्रितांस हवे आहेत, तेथें आपण पैसे दिले म्हणून हक्क सांगणें पाहुण्यास शोभत नाहीं. अशा वेळीं आपली जागा सोडणें हाच आपला पाहुणचार.

प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या जलप्रवासाची हकीकत आहे. हिवाळा जवळ आला असतां क्रेत बेटाहून पुढें जाऊं नये, असें पौलानें सांगितलें. पण शताधिपतीनें तारवाच्या चालकाचें व मालकाचें अधिक ऐकिलें. ज्यांस पुढें जाण्यांत लाभ आहे त्यांचा शब्द आपणांस गोड लागतो, हा मनुष्यस्वभाव त्या काळापासून पालटलेला नाहीं. तारूं फुटलें, आणि सर्वजण मिलिता बेटावर लागले. पाऊस व थंडी होती. तेथील अनोळखी लोकांनीं शेकोटी पेटवून सर्वांस जवळ घेतलें.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे. प्रवासाआधीं इंडोनेशियाच्या ज्वालामुखी-खात्यानें कोणती पायरी जाहीर केली आहे, तें पाहावें. तेथें चार पायऱ्या आहेत, व चौथीस ‘अवास’ म्हणतात. विमा आधींच उतरवावा, कारण पर्वत जागा झाल्यावर उतरविलेला विमा त्या आपत्तीस बहुधा लागू पडत नाहीं. आणि हा निर्णय मुलांच्या देखत, नकाशा पुढें ठेवून घ्यावा. बेत रहित झाला, तर ‘आपली सुटी बुडाली’ एवढेंच मुलांच्या कानीं पडूं नये. पायथ्याच्या गांवांतील शाळा आज कोठें भरत असेल, हा प्रश्नहि त्यांस पडावा. परत मिळालेल्या रकमेंतील कांहीं भाग त्या लोकांच्या साहाय्यार्थ गेला, तर फारच उत्तम. मिलिता बेटावरील लोकांनीं परक्यांसाठीं शेकोटी पेटविली. बेटावरच्या लोकांवर संकट आलें असतां परक्यांनीं त्यांची आठवण ठेवणें, हें त्या जुन्या शेकोटीचें ऋण आहे.